बॅनरवरचा नवरा

कोरपन्याचा बाजार आटोपून चंदाबाई बस स्टँडकडे निघाली होती. हातातल्या पिशवीत वांगी होती, सांभार म्हणजे कोथिंबीर होती आणि वरती जपून ठेवलेली अंडी होती. नागसेनच्या पानठेल्याशी आली तेव्हा तिनं सहज मान वर केली, तर विजेच्या खांबाला बांधलेल्या बॅनरवर तिचा नवरा उभा.

खांद्यावर तुरीचं भरलेलं पोतं, दंडाचे स्नायू टरारलेले, मिशीत हसू. दुसऱ्या हातात एक सोनेरी डबा. चंदाबाई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षराला अक्षर जोडून तिनं वाचलं: ‘वय ७६. ना गुडघेदुखी, ना थकवा. मुखरूभाऊंच्या ताकदीचं रहस्य.’ आणि रहस्य या शब्दाखाली पुन्हा तोच डबा, माणसाच्या डोक्याएवढा मोठा.

तिला तो फोटो आठवला. तूर काढून झाली त्या दिवशी दुपारी पुतण्या हेमराज मोबाइल घेऊन वावरात आला होता. “मोठेबाबा, पोतं उचला न जरा, फोटो काढतो,” म्हणाला. मुखरूनं उचललं. त्याच्या दुसऱ्या हातात तेव्हा तिनंच आणून दिलेली शिदोरी होती, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली. भाकर, जवसाची चटणी आणि हिरव्या तुरीच्या सोल्याची भाजी. ती स्वतः त्याच्या बाजूलाच उभी होती. बॅनरवर ती नव्हती. शिदोरीही नव्हती. शिदोरीच्या जागी डबा आला होता आणि तिच्या जागी एक उगवता सूर्य.

“चंदाबाई, भाऊ त हिरो झाले,” नागसेन ठेल्यातून म्हणाला. “माह्या बापालेबी एक डबा सांगून ठेवा न हेमराजजवळ. त्याचे गुडघे लय दुखून राह्यले.”

“कोनता डबा?” तिनं विचारलं.

“हाच, भाऊ खाते तो.”

ती पिशवी सावरून पुढे निघाली. बसमध्ये बसल्यावर मात्र तिची कानशिलं तापायला लागली. कंडक्टरनं सुटे मागितले तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या माणसाकडे वळला.

मुखरूची ताकद. तिच्या लग्नात लोक म्हणाले होते, पोरगी चांगली आहे, पोरगा मात्र वाऱ्यानं उडून जाईल. दर पावसाळ्यात त्याला हिवताप यायचा आणि सासू त्याच्या उशाशी बसून रडायची. याला मातीत घालायची वेळ माझ्यावर येणार, असं ती सुनेदेखत म्हणायची. त्या सुनेनं मग त्याला उभा केला. पैसा नव्हता, पण वावर होतं, नाला होता आणि पलीकडे जंगल होतं. पावसाळा लागला की तरोट्याची कोवळी पानं, मग बांबूचे कोंब, ज्यांना तिकडे वास्ते म्हणतात. ते सोलायचे, चिरायचे, पाणी बदलून उकळायचे, तेव्हा कुठे त्यांचा कडूपणा जायचा. अंबाडी ओली असेपर्यंत ओली, नंतर वाळवलेली. हिवाळ्यात हिरव्या तुरीचे सोले. नाल्याच्या डबक्यातले झिंगे आणि बारीक मासोळ्या. उन्हाळ्यात मोहफुलं भाजून तिळासोबत कुटलेले लाडू. पहाटे चूल पेटवायची आणि दोन वेळा भाकरी थापायच्या, यात तिच्या तळहाताच्या रेषा पुसट झाल्या. चार-पाच वर्षांनी मुखरू पोती उचलायला लागला. सासू मरताना तिचा हात धरून काही बोलली नाही, पण धरला तरी.

आणि आता ते सगळं डब्याच्या नावावर लागलं होतं.

घरी मुखरू ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. तिनं पिशवी खाली ठेवली.

“तुमी तो डबा खाल्ला काय कधी?”

मुखरूला ठाऊक होतं कशाबद्दल चाललंय ते. तिला लगेच कळलं, कारण त्यानं वर पाहिलंच नाही. “हेमराजनं दिला होता एक. चव पाह्यली. चुन्यावानी लागते.”

“मंग त्या खांबावर काऊन चढले?”

“पोराचं हे डबे विकायचं काम चालून राह्यलं. त्याची कंपनीतली नोकरी गेली, तुले माईत आहे. एक फोटो लावला त आपलं काय जाते?”

आपलं काय जाते. हे तीन शब्द तिच्या मनात काट्यासारखे घुसले. नवरा वाईट नव्हता. दारू प्यायला नाही, हात उगारला नाही. पण आपल्या अंगात जे आहे ते कुठून आलं, याचा त्यानं आयुष्यात एकदाही विचार केला नव्हता. ताट समोर यायचं आणि तो जेवायचा. बॅनर लागल्यापासून पोस्टमन त्याला नमस्कार घालत होता, चहा फुकट मिळत होता, आणि त्याला ते आवडत होतं. मिशीला तेल लावलेलं होतं, हे तिला आत्ता दिसलं.

त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही. हेमराजनं दिलेला सोनेरी डबा फळीच्या कोपऱ्यातून शोधून काढला, ताटात चमचाभर पांढरी भुकटी टाकली, बाजूला पाण्याचा गिलास ठेवला आणि ताट त्याच्या पुढ्यात सरकवलं.

“हे काय वो?”

“तुमची ताकद.”

तो हसला. तिला हसू आलं नाही, तेव्हा त्याचंही गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच ताट. दुपारी मुखरू हेमराजकडे जाऊन जेवून आला आणि परत येऊन अंगणात गुपचूप बसला. संध्याकाळी तिनं चूल पेटवली, ती स्वतःला भूक लागली म्हणून. आपण पोरकट वागलो असं तिला वाटलं, पण राग काही उतरला नाही.

ती हेमराजकडे गेली. त्याच्या घरात डब्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. पूर्वी तिथे कापूस असायचा.

“हेमराज, तो फोटो काढ.”

“मोठी माय, ते माह्या हातात नाई. वरून छापून आलं. आमचे राजदीप सर आहेत, त्यायनं सगळ्या तालुक्यायत लावले. राजुऱ्यात, गडचांदुरात, सगळीकडे.” मग तो जरा हसून म्हणाला, “तुलेबी फोटोत पाह्यजे होतं काय? पुढच्या वेळी घेतो.”

“मले फोटोत नाई पाह्यजे,” ती म्हणाली. “माह्या हातचं जेवन त्या डब्याच्या नावावर नाई पाह्यजे. लोकायले खोटं सांगून राह्यला तू. तुह्या मोठ्याबाबानं हे खाल्लं नाई.”

“सगळेच सांगते असं. त्याले मार्केटिंग म्हनते.”

हा पोरगा तिच्या हाताखाली वाढलेला. याला गोवर आला तेव्हा याच्या आईसोबत तीही जागली होती. त्याच्याकडे पाहताना तिला जाणवलं की तो लाजत नाहीये. खोटं बोलतोय हेही त्याला वाटत नव्हतं. तिला त्याच्यापेक्षा त्या न पाहिलेल्या राजदीप सराचा जास्त संताप आला. पोराची नोकरी गेलेली पाहून त्याच्या गळ्यात ही खोकी बांधणारा माणूस कसा असेल?

होळी झाल्यावर मुखरूची धाकटी बहीण सुगंधाबाई पडली. ती राजुऱ्याच्या पुढच्या एका गावात एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगा बल्लारपूरला कामाला. शेजारणीनं फोन केला: अंगणात भोवळ येऊन पडली, राजुऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आणली आहे. मुखरू आणि चंदाबाई सकाळच्या बसनं गेले.

सुगंधाबाई खाटेवर इतकी लहान दिसत होती की मुखरू आधी पुढच्या खाटेकडेच गेला. गुडघ्याला पट्टा होता. चंदाबाईनं तिचा हात हातात घेतला. नखं कागदासारखी पांढरी पडली होती.

“काय खाऊन राह्यली तू, सुगंधाबाई?”

“खाते न, वहिनी.” तिनं भावाकडे पाहिलं, कौतुकानं. “राजुऱ्याच्या चौकात दादाचा फोटो पाह्यला. म्हटलं, दादा घेते त आपनबी घ्यावं. डबेवाला म्हने, एक चमचा म्हंजे एक जेवन. सकाळी चमचा घेते, संध्याकाळी मुरमुरे नाईतर चहात पाव. दोन्ही कुठी परवडते, वहिनी? डाळ बंद केली. अंडेबी बंद केले. माहेरचं मानूस खोटं थोडंच सांगन.”

मुखरूनं खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक तोंडात धरलं. तो खाटेच्या पायाशी जाऊन उभा राहिला. चंदाबाईनं त्याच्याकडे पाठ करून नणंदेची चादर सारखी केली. तिनं तोंड उघडलं असतं तर त्या वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

डॉक्टरीण तरुण होती, दीपिका मडावी. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची, बोलणं सरळ. तिनं सांगितलं की रक्त फार कमी आहे, शिवाय तपासणीत बी-बारा नावाचं जीवनसत्त्वही कमी निघालं. लोहाच्या गोळ्या आणि काही इंजेक्शनं द्यावी लागतील.

चंदाबाईचा आवाज चढला. “म्हंजे पुन्हा गोळ्याच? डब्यानं हिले खाटेवर आनलं, आन तुमीबी तेच देऊन राह्यल्या?”

डॉक्टरीण चिडली नाही. “आजी, मी रक्त तपासलं. जे कमी निघालं तेवढंच देते. काही महिन्यांनी पुन्हा तपासीन, भरून निघालं की कमी करीन. हे औषध आहे. हे जेवनाच्या जागी देत नाई मी. डाळ, भाजी, अंडी सुरू नाई केली त माह्या गोळीनंही ह्या उभ्या नाई राहनार. ज्यानं न तपासता सगळ्यायले एकच चमचा दिला आन जेवन सोडायले लावलं, त्याच्यावर राग धरा.”

“धरलाच आहे,” चंदाबाई म्हणाली.

डॉक्टरीण तिच्याकडे निरखून पाहत होती. मग पुढे झाली आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. “तुमी किती दिवसांपासून दमता, आजी?”

“मी? मले काय झालं.”

“तुमचंही रक्त तपासू.”

तपासलं. कमी निघालं. सुगंधाबाईएवढं नाही, पण कमीच, आणि आजकालचं नाही, जुनं दुखणं.

“असं कसं?” चंदाबाईला ते खरंच कळेना. “माह्या घरी त सगळं रांधते. भाजी, डाळ, मासोळी. ह्यायले पहा, पोतं उचलते अजून.”

“तुमी कधी जेवता?”

“सगळ्यायचं झाल्यावर.”

“तवा काय उरते?”

चंदाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. भाकर उरते. रस्सा उरतो. वरणाचं वरचं पाणी उरतं, कारण खालची घट्ट डाळ पळीनं आधी त्याच्या ताटात जाते. मासोळीचे तुकडे त्याला, मुलं घरी होती तेव्हा मुलांना, आता कोणी आलं-गेलं त्यांना. तिच्या वाट्याला कढईला लागलेलं. अंडी असली तर दोनच उकडायची, दोन्ही त्याची. लाडू तिनं शेवटचा कधी खाल्ला? कुटताना चव पाहिली होती. यातलं कोणी तिला करायला सांगितलं नव्हतं. सासू तशी जेवायची, आई तशी जेवायची. सुगंधाबाईही तशीच जेवत आली होती, आणि मग एक दिवस तेही बंद केलं.

ती स्टुलावर बसली. इतके दिवस राग कुणावर करायचा हे तिला नक्की ठाऊक होतं. आता तो तिच्याच अंगणात शिरला होता. तिनं ज्याला घडवला तो खांबावर चढला होता आणि घडवणारीच्या अंगात रक्त नव्हतं. यात डब्याचा दोष नव्हता. हा दोष डबा येण्याच्या कितीतरी आधीचा होता, आणि त्यात तिचाही हात होता. मुखरू दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली नाही, एवढं मात्र केलं.

दवाखान्यातून सुगंधाबाईला ते आपल्या घरी घेऊन आले. त्याच आठवड्यात हेमराज आला. तालुक्याच्या मंगल कार्यालयात डब्यांच्या कंपनीचा मोठा कार्यक्रम होता आणि मुखरूचा सत्कार ठरला होता.

“येतो,” मुखरू म्हणाला. हेमराज गेल्यावर बायकोला म्हणाला, “तिथी जाऊन सांगतो, हे खोटं आहे म्हनून.”

“सांगा,” ती म्हणाली. “मीबी येते ऐकायले.”

मंगल कार्यालय भरलं होतं. म्हातारी माणसं जास्त, काठ्या टेकून आलेली, काही नातवंडांचा हात धरून. राजदीप सर काळ्या कोटात होता आणि गोड बोलत होता. सगळ्यांना आई-बाबा म्हणत होता. त्यानं मुखरूला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि माइक पुढे केला. मुखरूनं माइक धरला. एवढ्या माणसांपुढे तो जन्मात उभा राहिला नव्हता. घसा खाकरला. “सगळ्यायचे आभार,” म्हणाला. आणि थांबला. पुढे काही आलंच नाही.

चंदाबाई बायकांच्या रांगेतून उठली. पायऱ्या चढताना तिला दम लागला, पण ती चढली. नवऱ्याच्या हातातून माइक घेतला.

“मी ह्यायची बायको आहे. ह्या मानसानं तो डबा खाल्ला नाई. ह्यायनं माह्या हातची भाकर खाल्ली. ह्यायची सख्खी बहीन त्या फोटोच्या भरवशावर जेवन सोडून बसली आन दवाखान्यात गेली. तुमी घरचं जेवन सोडू नोका. अंगात काई कमी वाटलं त सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. पोट मारून हे डबे घेऊ नोका, एवढंच सांगाले आली मी.”

समोरच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या मांडीवरचा डबा हळूच खाली ठेवला. तेवढ्यात राजदीप सरानं दुसरा माइक उचलला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

“पाहा मंडळी, सत्तरीतल्या आईंचा आवाज. पायऱ्या कशा चढल्या पाहिल्या ना? ज्या घरात आपला डबा पोचतो, त्या घरात अशी ऊर्जा असते. एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जण हसले, प्रेमानंच हसले. तिनं पुन्हा बोलायला सुरुवात केली तर माइक बंद झालेला होता. तिचे ओठ हलत होते आणि गाणं लागलं होतं. अपमान काय असतो हे तिला ठाऊक होतं, सावकारापासून सासूपर्यंत सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं तिनं. पण तिचा संतापच उचलून त्यालाही डब्याचा गुण म्हणून विकावं, हे तिनं पाहिलं नव्हतं.

तेव्हा मुखरूनं खांद्यावरची शाल काढली. घडी घातली नाही, तशीच राजदीप सराच्या हातावर टाकली. नारळ टेबलावर ठेवला. “चाल वो,” म्हणाला, आणि बायकोचा हात धरून पायऱ्या उतरला. चारचौघांत त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता. त्यांच्यामागून आणखी पाच-सात माणसं उठली. बाकीची बसून राहिली.

बस स्टँडवर आल्यावर त्यानं नागसेनचं स्टूल मागून घेतलं, ठेल्यातला सुपारीचा अडकित्ता घेतला आणि खांबावरच्या बॅनरच्या दोऱ्या तोडल्या. बॅनर त्याच्याच अंगावर पडलं. नागसेननं ते ओढून काढलं आणि काही न विचारता ठेल्याच्या छपरावर उलटं अंथरलं. चंदाबाईनं नवऱ्याचं कौतुक केलं नाही. जे आधीच करायला हवं होतं ते उशिरा केलं, एवढंच तिच्या मनात आलं. पण बसमध्ये त्याच्या शेजारी बसली.

हेमराज दोन महिने बोलला नाही. नंतर एका संध्याकाळी आला, कारण सराचा फोन लागेनासा झाला होता आणि खोकी तशीच पडून होती. चंदाबाईनं त्याला वाढलं. तो जेवत असताना ती म्हणाली, “तुह्यावरचा राग गेला नाई माहा. जेवून घे.” तो मान खाली घालून जेवला. पुढे तो गडचांदुराला एका हार्डवेअरच्या दुकानात लागला.

सुगंधाबाई दसऱ्यापर्यंत काठीशिवाय अंगणात फिरायला लागली. गुडघा मात्र पूर्वीसारखा झाला नाही, आणि डॉक्टरीण म्हणाली, होणारही नाही. गोळ्या दोघी घेत होत्या, जेवण झाल्यावर. आणि जेवायला तिघं एकदम बसत होती. पहिल्या दिवशी चंदाबाईनं डाळ ढवळून तीन ताटांत सारखी वाढली, तेव्हा मुखरूला आपल्या ताटाकडे पाहावं की तिच्या, ते कळेना. “डाळ पतली झाली काय?” त्यानं विचारलं. “नाई,” ती म्हणाली. “आजवर तुमालेच घट्ट भेटत होती.” त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. अंडी आता तीन उकडतात.

खांबांवरची बॅनरं निघाली, काही वाऱ्यानं फाटली. पण मोबाइलमध्ये मुखरूचा फोटो अजून फिरतो आणि त्याखाली कुणीतरी त्याचाच नंबर टाकला आहे. लांबून लांबून फोन येतात. मुखरू लाजतो, म्हणून फोन चंदाबाई उचलते. खरं ऐकलं की लोक बहुतेक वेळा फोन ठेवून देतात. काही तिलाच खोटी म्हणतात. तेव्हा ती फोन आपटते आणि दिवसभर धुसफुसत असते.

परवा सिरोंच्याकडून एका बाईचा फोन आला. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. हातपाय गळून जातात, उठवत नाही, डबा कुठे मिळेल?

“डबा नाई,” चंदाबाई म्हणाली. “आधी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे, बाई. आन मले सांग, घरी कोन रांधते?”

“मीच.”

“सगळ्यायले वाढल्यावर तुले काय उरते?”

पलीकडे फोन ठेवलेला नव्हता, नुसता भांड्यांचा आवाज येत होता. चंदाबाई चुलीजवळ उकिडवी बसली, फोन कानाशी घट्ट धरला, आणि वाट पाहत राहिली.